आधी बोनेट

आमच्या दारात गाडी थांबली की आत्या खाली उतरायची आणि कोणाकडेही न बघता तडक गाडीच्या पुढे जायची. बोनेट उचलायची, त्याची दांडी खोबणीत अडकवायची, आत वाकून एकदा नाकाने वास घ्यायची आणि मग मागे वळून म्हणायची, “हं, आता बोला.” तोवर आई पाण्याचा तांब्या घेऊन पायरीवर ताटकळत असायची आणि बाबा फाटकात तोंडभर हसू घेऊन उभे असायचे. बाबा दर वर्षी तेच म्हणायचे, “अगं, आधी माणसांना भेट, मग उघड ते बोनेट.” आत्याचं उत्तरही दर वर्षीचंच असायचं. “माणसं थांबतात रे अण्णा. इंजिन बंद केलं की आत कोंडून आणखी तापतं.”

आम्ही भावंडं तिला बोनेटआत्या म्हणायचो. तोंडावर म्हणायचो आणि तिला ते आवडायचं. सांगलीच्या एका मुलींच्या शाळेत ती शिवण शिकवायची. उंचीने बेताची, आवाजाने दणकट. दर मे महिन्यात ती सांगलीहून स्वतः गाडी चालवत आमच्याकडे वाईला यायची. एक दिवस मुक्काम करायची आणि दुसऱ्या दिवशी पसरणीचा घाट चढून पाचगणीला जायची. “कृष्णा तुमच्या दारातून निघून माझ्या दारी येते, मी तिच्या उलट्या वाटेने माहेरी येते,” असं ती म्हणायची आणि दर वर्षी हे पहिल्यांदाच सुचल्यासारखं म्हणायची.

ती लाल, चौकोनी, छोटीशी गाडी तिने महाबळेश्वरच्या एका हॉटेलवाल्याकडून जुनी घेतली होती. त्या गृहस्थाने हौसेने हीटर बसवून घेतला होता. एसी अर्थातच नव्हता, महाबळेश्वरात एसी लावतंय कोण? गाडी सांगलीत आली तेव्हा गल्लीने आत्याला वेड्यात काढलं. आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, म्हणाले, “सांगलीत हीटरची गाडी घेणं म्हणजे दुष्काळी जतला होडी घेण्यापैकी आहे.” पण आत्याने त्या हीटरचा जो उपयोग केला तो त्या हॉटेलवाल्याच्या स्वप्नातही आला नसेल. ती तो मे महिन्यात लावायची. भर दुपारी, चढावर, सगळ्या काचा खाली करून.

यात वेडेपणा नव्हता. इंजिनातलं उकळतं पाणी एका लहानशा जाळीतून फिरवून त्याची ऊब गाडीत सोडायची, एवढंच हीटरचं काम. चढावर इंजिनाचा उकाडा पुढच्या मोठ्या जाळीला आवरेनासा झाला की त्यातला थोडा आपण आत घ्यायचा. तापमानाचा काटा खाली येतो. हे आत्याला कोणा ट्रकवाल्याने सांगितलं होतं आणि तिने ते मनावर घेतलं. “त्याचं ओझं थोडं आपण घ्यायचं, त्यात काय?” असं ती म्हणायची. उंब्रजला हायवेच्या कडेला एका रसवंतीपाशी ती नेहमी थांबायची. तिथला रसवाला एकदा गाडीत डोकावला आणि दचकून मागे सरला. “आवं बाई, हीटर चालू ऱ्हायलाय की तुमचा! उनाचा कडाका काय कमी पडला व्हय?” आत्या म्हणाली, “चालू राहिला नाही, लावलाय. बर्फ कमी घाल आणि आलं जास्त.” तिथून पुढे दर वर्षी तो तिला “आल्या का हीटरबाई” म्हणूनच हाक मारू लागला.

आता या सगळ्या खटाटोपाचं कारण सांगायला हवं. ते कारण मागच्या सीटवर बसलेलं असायचं.

आतोबांना मज्जातंतूंचा आजार होता. एरवी काठी घेऊन चालायचे, बोलायला तर इतके तल्लख की समोरच्याची खैर नसे. पण अंगाला उष्मा लागला की हातापायांतलं बळ जायचं, डोळ्यांपुढे धुकं यायचं, जीभ जड व्हायची. अंग निवलं की बळ परत यायचं. सांगलीच्या उन्हाळ्यात ते अंग निवायचं नावच घेत नसे. मार्च लागला की त्यांच्या शर्टाची बटणं आत्या लावून द्यायची आणि आतोबा भिंतीकडे बघत उभे राहायचे. पाचगणीला मात्र चार दिवस झाले की एका सकाळी ते म्हणायचे, “सर जरा.” आणि स्वतः बटणं लावायला लागायचे. खालून सुरुवात करून वर यायचे. वेळ लागायचा. जन्मभर पोरींना काजं-बटणं शिकवलेली आत्या दाराला टेकून बघत राहायची, पण बोटही लावायची नाही. गळ्याशी पोचले की म्हणायची, “पास.” मी एकदा ते पाहिलं आणि मला तिथे उभं राहवेना. तो महिनाभराचा बटणांचा मान त्यांना मिळावा म्हणून बाई सांगलीपासून हीटर सोसत यायची.

पहाटे का निघत नाही, असं सगळे विचारायचे. आतोबांचे सकाळचे व्यायाम, आंघोळ, कपडे यांतच ऊन डोक्यावर यायचं. घाई केली की ते गळून जायचे. मग भाड्याची गार गाडी करा, असंही सांगून झालं. एक वर्ष केलीही. तो ड्रायव्हर घाटात एसी लावून गाडी ताणत चढला आणि मधल्याच एका वळणावर गाडीने वाफ सोडली. भर उन्हात ती बंद पडलेली गाडी आणि आत शुद्ध हरपत चाललेले आतोबा. ती दुपार आत्या कधी विसरली नाही. “दुसऱ्याच्या गाडीचा काटा मला दिसत नाही,” एवढंच ती म्हणाली आणि पुन्हा परक्या गाडीचं नाव काढलं नाही.

तिच्या गाडीत मात्र सगळा जामानिमा चोख. मागच्या दोन्ही खिडक्यांना वाळ्याचे पडदे, तिनेच बेतून शिवलेले. वाईपासून वर जाताना मी सोबत असायची. माझी शाळेतली नोकरी, त्यामुळे मे महिना मोकळा. माझं काम म्हणजे इस्त्रीचा फवारा घेऊन पडद्यांवर पाणी मारत राहायचं. पुढच्या दोन सीटच्या मधल्या फटीत सीटच्या उंचीएवढा जुन्या लुगड्यांच्या गोधडीचा पडदा. त्यामुळे मागे वाळ्याचा वास आणि ओला वारा, आणि पुढे एकटी आत्या भट्टीपुढे बसावं तशी. हीटरचा झोत थेट तिच्या पायांवर. आतोबा मागून ओरडायचे, “काय गं, भाजली का कणसं?” ती म्हणायची, “भाजत आली. मीठ-तिखट लावून ठेवा.”

पाचगणीला पोचल्यावर ती पाय पाण्याच्या बादलीत सोडून बसायची. पाय कोरडे ठणठणीत आणि लालभडक झालेले असायचे. हातात बळ आलं की आतोबा खुर्चीवरून वाकून तिच्या पायांवर तांब्याने पाणी घालायचे. निम्मं फरशीवर सांडायचं.

गाडीची तयारी एप्रिलपासून चालायची. सांगलीकडे ऊसतोडीत उडालेलं पाचट आणि जाळलेल्या फडाची काजळी पुढच्या जाळीत अडकून बसते. आत्या जुना दाताचा ब्रश घेऊन ती जाळी हलक्या हाताने साफ करायची. मग बोनेटच्या मागच्या बिजागऱ्यांखाली जाड वॉशर घालायची. त्याने बोनेट काचेकडच्या बाजूने बोटभर उचललेलं राहायचं आणि चढावर गाडी हळू चालली की आतली गरम हवा त्या फटीतून वर निघून जायची. पावसाळा आला की वॉशर काढायची, नाही तर पाणी आत जातं. काढलेले वॉशर तिच्या बटणांच्या डब्यात असायचे. शर्टाचं बटण शोधायला डबा उघडला की आधी ते काळे वॉशर हाताला लागायचे.

आता माझ्या बाबांविषयी. बाबांचा स्वभाव असा की कोणाचं काही बिघडलेलं दिसलं की न विचारता दुरुस्त करून मोकळे. शेजाऱ्यांचं फाटक करकरतं म्हणून ते घरी नसताना त्याला तेल देऊन येणारा हा माणूस. धाकट्या बहिणीवर जीव, पण तो शब्दांत सांगायचा नाही, काहीतरी करून दाखवायचा. एका मे महिन्यात मुक्कामाच्या दिवशी आत्या आणि आतोबा जेवून झोपले होते. बाबांनी गुपचूप लाल गाडी बाहेर काढली आणि ओळखीच्या गॅरेजात नेली. संध्याकाळी गाडी लखलखीत होऊन परत आली. “तुझं बोनेट किती दिवस वाकडं बसत होतं, बसवून आणलं,” बाबा फुशारून म्हणाले. “मे महिन्यातली भाऊबीज समज.” आत्या बोनेटकडे बघत राहिली. फट गेली होती. मग तिने बाबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “छान दिसतंय अण्णा.” जास्तीचे वॉशर सांगलीला डब्यात होते. पण हीटर आहे, भागेल, असा तिने विचार केला असणार.

दुसऱ्या दिवशी निघायला उशीरच झाला. पसरणी गाव मागे पडलं, वळणं सुरू झाली, खाली धोम धरणाचं पाणी उन्हात पांढरं दिसू लागलं. काटा निम्म्याच्या वर सरकला तशी आत्याने हीटरची दांडी ओढली आणि पंखा पूर्ण सोडला. थोड्या वेळाने तिने पायांजवळ हात नेऊन पाहिला.

“मंजू,” ती म्हणाली, “हे गार आहे.”

मला आधी बरंच वाटलं. मग तिचा चेहरा आरशात दिसला आणि कळलं. हीटरची एक नळी पाझरत होती, ती दुरुस्त करण्याऐवजी गॅरेजवाल्याने हीटरच तोडून टाकला होता आणि नळ्या परस्पर जोडल्या होत्या, हे नंतर पाचगणीच्या गॅरेजात उलगडलं. सांगलीच्या गाडीला हीटर कशाला, असं त्याला वाटलं असेल. त्याचंही काय चुकलं म्हणा.

काटा वर जातच राहिला. आत्याने एका वळणाच्या बाहेरच्या अंगाला गाडी घेतली, इंजिन चालूच ठेवून खाली उतरली आणि बोनेट उघडलं. आत नुसता जाळ होता. गाडी उभी राहिल्यावर वाळ्याच्या पडद्यांतून वारा येईना. आतोबांची मान माझ्या खांद्यावर कलली. मी फवारा मारत होते, कपाळावर ओला टॉवेल ठेवत होते. ते म्हणाले, “मंजू, मला धोम दिसेनासं झालंय.” जीभ जड झाली होती.

वरून एक टॅक्सीवाला रिकाम्या गाडीने खाली येत होता. आम्हाला बघून त्याने गाडी कडेला लावली. “आवं काकी, बंद करा की गाडी, पेटंल न्हाई तर!”

“बंद नाही करायची. पंखा चालू राहू दे. आणि त्या पाण्याच्या झाकणाला हात लावलास तर याद राख.”

“झाकान न्हाई उघडत वो, येवढं कळतंय मला. वीस वर्सं ह्या घाटातच हाय.” तेवढ्यात त्याने आतोबांना पाहिलं आणि त्याचा आवाज बदलला. “आवं, काकांची तब्येत लय बिघडलीय. माझ्या गाडीत घाला त्यास्नी. एसी हाय. फिरवतो गाडी आन् वर सोडतो.”

परक्या गाडीचं नाव काढायचं नाही, हे आत्याने स्वतःला बजावलेलं मला माहीत होतं. तिने एकदा आपल्या काट्याकडे पाहिलं, एकदा आतोबांकडे. मग सरळ चालत त्या टॅक्सीपाशी गेली आणि दार उघडून आत वाकली. “तुझा काटा कुठाय, दाखव.”

तो बिचारा हसला. “ह्यो बगा. निम्म्याच्या बी खाली हाय.”

“एसी लाव. पण काटा हलला की एसी बंद, काचा खाली, सावकाश चढायचं. थांबायचं नाही. ही माझी भाची शेजारी बसून काट्याकडे बघत राहील.”

“बगू द्या की. मी न्हाई रागावत.”

आम्ही तिघांनी मिळून आतोबांना उचलून त्या गाडीत ठेवलं. आत्या त्यांचा हात सोडेना. आतोबांनी मोठ्या कष्टाने ओठ हलवले आणि म्हणाले, “माझ्यामागे गाडीशी भांडू नकोस.” ती म्हणाली, “गप्प बसा.” मग हात सोडला. गाडी वळताना मी मागे पाहिलं. आत्या उघड्या बोनेटपाशी उभी होती, हातात छत्री. छत्री स्वतःच्या डोक्यावर नव्हती, इंजिनावर धरली होती. मला हसूही आलं आणि रडूही.

आम्ही सुखरूप पोचलो. टॅक्सीवाल्याने आतोबांना खोलीत नेऊन निजवलं, पाणी आणून दिलं आणि मगच तो गेला. ओले टॉवेल, पंखा, पाचगणीची हवा, यांनी दुपार कलेपर्यंत आतोबांच्या डोळ्यांपुढचं धुकं निवळलं. ऊन उतरल्यावर बाहेर लाल गाडी थांबल्याचा आवाज आला. मी सवयीने बोनेटच्या आवाजाची वाट पाहिली. तो आला नाही. चपला न काढता आत्या धावत खोलीत आली आणि त्यांच्या छातीवर हात ठेवून तशीच उभी राहिली. आतोबा तिच्याकडे बघत होते. म्हणाले, “अगं, बोनेट?” त्यावर ती खाली बसली आणि मोठ्याने रडली. तिला रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

बाबांना तिने यातलं एक अक्षर कळू दिलं नाही. मलाही शपथ घातली. “त्याने मायेने केलंय. त्याला कळलं तर तो जन्मभर स्वतःला खात बसेल.” पाचगणीच्या गॅरेजात हीटर पुन्हा जोडला गेला. आणि पुढच्या वर्षीपासून एक नवाच रिवाज सुरू झाला. आत्या उंब्रजला रसवंतीपाशी थांबली की रसवाल्याला पाना धरायला लावून वॉशर काढायची आणि सपाट बोनेटने वाईला यायची. बाबा बोनेटवर हात फिरवून म्हणायचे, “बघ, अजून जागचं हललं नाही. काम म्हणजे काम.” आत्या म्हणायची, “हो ना.” दुसऱ्या दिवशी घाटाच्या पायथ्याशी, पसरणीच्या अलीकडे, ती उतरून वॉशर पुन्हा घालायची. आतोबा मागे बसून म्हणायचे, “भावाची अब्रू राखून झाली, आता नवऱ्याची काळजी घ्या.” असं कैक वर्षं चाललं.

पुढे आतोबा गेले, थंडीच्या दिवसांत, झोपेत. त्यानंतर आत्याला पाचगणीचं कारण उरलं नाही, तरी ती मे महिन्यात वाईपर्यंत यायचीच. बोनेट उघडायची, “हं, आता बोला” म्हणायची, आणि आता तिथे बोलायला एक माणूस कमी असायचं. मग गाडीच्या कागदांची मुदत संपली, ती भंगारात गेली. मी नवी गाडी घेतली तेव्हा आत्याने पहिला प्रश्न विचारला, “काटा कुठाय?” मी म्हटलं, काटा नाही, तापली की लाल दिवा लागतो. तिने तोंड वाकडं केलं. “दिवा लागेल तेव्हा दूध उतू गेलेलं असेल.” गेल्या दिवाळीआधी आत्याही गेली. तिच्या घरून मी फक्त बटणांचा डबा मागून आणला.

यंदाच्या मे महिन्यात बाबा आजारातून उठले होते. डॉक्टर म्हणाले, काही दिवस गार हवेला न्या. मी त्यांना मागच्या सीटवर बसवून पाचगणीला निघाले. सुट्टीतली गर्दी, घाटात गाड्यांची रांग, एसी चालू, इंच इंच चढण. मधल्या एका वळणावर लाल दिवा लागला. माझे हात आपोआप चालले. एसी बंद, काचा खाली, हीटर पूर्ण. गरम झोत पायांवर आला आणि मला आत्या इतकी जवळ वाटली की रस्ता धूसर झाला. रांग हलली, मी कडेला घेऊन थांबले आणि इंजिन चालूच ठेवलं. थोड्या वेळाने दिवा विझला.

मागून बाबा म्हणाले, “वॉशर असते तर इतकी तापली नसती.”

मी वळून पाहिलं. ते खिडकीतून धोमच्या पाण्याकडे बघत होते.

“मला ठाऊक होतं गं. गॅरेजवाल्यानेच नंतर सांगितलं की हीटर तोडलाय म्हणून. माझ्या पायाखालची जमीनच सरकली. पाचगणीला फोन लावला तो तुझ्या आतोबांनी उचलला. म्हणाले, अण्णा, मी ठणठणीत आहे, तुम्हाला कळलंय हे तिला कळू देऊ नका. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून ती वॉशर लपवणार आहे.” बाबांनी खिशातून रुमाल काढला. “मग मी काय करणार? दर वर्षी बोनेटवर हात फिरवायचो. ती ‘हो ना’ म्हणायची.”

“कधी बोलला नाहीत तिला?”

“बोललो असतो तर तिने उंब्रजला थांबून केलेली मेहनत वाया गेली असती की,” बाबा म्हणाले आणि त्यांनी डोळ्यांना रुमाल लावला. मी गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली. हीटर बंद केला नाही. बाबांनीही करायला सांगितलं नाही.

पाचगणीला खोलीपुढे गाडी लावली. बाबांना उतरवायला मी मागचं दार उघडून हात पुढे केला. त्यांनी तो बाजूला सारला.

“मी थांबतो,” ते म्हणाले. “आधी बोनेट उघड.”